विमानात कुणी ‘सीट बदलता का?’ विचारलं तर काय करायचं? नियम काय सांगतात?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून तुम्ही दिल्लीच्या विमानात बसलाय. दोन दिवस आधी वेब चेक-इन करून, वरचे पैसे भरून खिडकीची सीट घेतलीये. बॅग वर ठेवली, बेल्ट लावला आणि तेवढ्यात आवाज येतो, ‘दादा, तुम्ही जरा मागे बसता का? आम्ही फॅमिली आहोत, एकत्र बसायचंय.’

मागे म्हणजे सत्ताविसावी रांग, तीही मधली सीट. आजूबाजूचे चार जण तुमच्याकडे बघतायत. हो म्हटलं तर पूर्ण प्रवास आखडून बसायचं. नाही म्हटलं तर ‘काय माणूस आहे’ अशा नजरा झेलायच्या. त्यात कुणी मोबाइल काढून शूट केलं, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही कुणाच्या तरी रीलमध्ये.

आपल्याला नाही म्हणणं जड जातं, यामागे सवय आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि ‘जरा सरकून घ्या’ म्हणत तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवायचं, यात आपण वाढलोय. पण रिझर्व्हेशन नसलेल्या गाडीत जागा कुणाच्याच नावावर नसते. त्यामुळे तिथे ॲडजस्ट करणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. विमानात मात्र प्रत्येक सीट एका नावावर असते आणि बऱ्याचदा तिचे वेगळे पैसे मोजलेले असतात. तिथे ‘ॲडजस्ट करा’ म्हणजे ‘तुम्ही घेतलेली वस्तू मला द्या’ असं होतं.

म्हणून नियम काय आहे, हो कधी म्हणायचं, नाही कसं म्हणायचं आणि तुम्हालाच सीट बदलून हवी असेल तर काय करायचं, हे एकदा नीट बघू.

थोडक्यात सांगायचं तर

- अनोळखी प्रवाशाने सीट मागितली तर ती विनंती असते. तुम्ही नाही म्हणू शकता आणि कारण सांगायची गरज नाही.
- १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालकाशेजारी सीट देणं ही विमान कंपनीची जबाबदारी आहे.
- दोघं तयार असले तरी सीट बदलण्याआधी केबिन क्रूला सांगायचं.
- क्रूने सुरक्षेच्या कारणासाठी जागा बदलायला सांगितली, तर ती विनंती नसते. तिथे ऐकायचं.

एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या रांगेत कशी जातात?

आधी तिकीट काढलं की सीट, सामान, जेवण असं बरंच काही त्यातच यायचं. आता बहुतेक कंपन्या तिकिटाचा मूळ दर कमी दाखवतात आणि बाकीच्या गोष्टींचे पैसे वेगळे घेतात. याला सेवा सुट्या करणं म्हणतात. आवडीची सीट निवडणं, जेवण, वाद्यं किंवा खेळाचं साहित्य नेणं अशा गोष्टींसाठी वेगळे पैसे घ्यायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपन्यांना परवानगी दिली आहे. अट एवढीच की या सेवा ऐच्छिक असल्या पाहिजेत. प्रवाशाने स्वतः निवडली तरच पैसे लागतील.

याचाच दुसरा अर्थ असा की सीट निवडली नाही, तरी तुम्हाला सीट मिळतेच. ती सिस्टीम आपोआप देते. वेब चेक-इन करताना स्क्रीनवर रंगीत सीट आणि त्यांचे दर दिसतात आणि पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटतं. पण सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय असतो, फक्त तो शोधावा लागतो.

अडचण इथेच होते. चार जणांच्या कुटुंबाने पैसे वाचवायला सीट निवडल्या नाहीत आणि विमान भरत आलं असेल, तर उरलेल्या जागा विखुरलेल्या असतात. एक सहाव्या रांगेत, एक अठराव्या, दोन अगदी शेवटी. मग हे कुटुंब विमानात चढल्यावर दिसेल त्याला विचारत सुटतं.

म्हणजे सीटचे पैसे कंपनीने घेतले, वेगळ्या सीटही कंपनीच्या सिस्टीमने दिल्या आणि भांडण मात्र दोन अनोळखी प्रवाशांमध्ये लागलं. सीट मागणारा उद्धट नसतो आणि नाही म्हणणारा निष्ठुर नसतो. ज्यांनी हा तिढा सोडवायचा, ते कंपनीचे लोक बऱ्याचदा या बोलण्यात नसतातच. म्हणूनच सीट मागणाऱ्याने आधी शेजाऱ्याकडे जाण्यापेक्षा क्रूकडे जाणं बरोबर.

लहान मुलांसाठी नियम काय आहे?

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना स्पष्ट सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी सीट द्यायची आणि त्याची नोंदही ठेवायची. मुलं पालकांपासून लांब बसवली गेल्याच्या तक्रारी आल्यानंतर हे निर्देश निघाले होते.

यातले दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला ‘त्याच पीएनआरवर’. आईचं तिकीट ऑफिसने काढलं आणि मुलाचं बाबांनी वेगळं काढलं, तर हे दोघं सोबत आहेत हे सिस्टीमला कळत नाही. दुसरा ‘किमान एका’. चौघांनाही एकत्र बसवण्याचं आश्वासन यात नाही. मुलाजवळ एक मोठं माणूस असलं की नियम पूर्ण झाला.

त्यामुळे एखादी आई तुम्हाला म्हणाली की ‘माझा सहा वर्षांचा मुलगा एकटा मागे बसलाय’, तर तिची गरज खरी आहे. पण तिला सांगा की क्रूला बोलवा, हे करून देणं त्यांचं काम आहे. तुम्हाला जमत असेल तर जागा जरूर द्या. क्रू मध्ये असला की तुम्हाला बरी पर्यायी सीट मिळायची शक्यताही वाढते.

अमेरिकेतही हा प्रश्न आहे. १३ वर्षांपर्यंतच्या मुलाला पालकाशेजारी बसवण्यासाठी कंपन्यांनी वेगळे पैसे घेऊ नयेत, असा प्रस्ताव तिथल्या परिवहन खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये मांडला होता.

दोघं तयार असताना क्रूला कशाला विचारायचं?

याला चार साधी कारणं आहेत.

*एक, इमर्जन्सी एक्झिटची रांग.* इथे पाय पसरायला जागा जास्त असते, म्हणून मागणीही जास्त. पण इथे बसणाऱ्याला गरज पडल्यास दार उघडायला मदत करता आली पाहिजे. लहान मुलं, गरोदर महिला, बाळ घेऊन बसलेले किंवा ज्यांना स्वतःलाच मदत लागते असे प्रवासी इथे बसू शकत नाहीत. ‘आजींना मोकळं बसता येईल’ म्हणून तुम्ही ही सीट दिलीत, तरी क्रू आजींना उठवणारच.

*दोन, ऑक्सिजन मास्क.* एअरबस ए३२० सारख्या विमानात एका बाजूला तीन सीट असतात आणि त्यांच्या वर साधारणपणे चार मास्क असतात. चौथा मास्क मांडीवरच्या बाळासाठी. म्हणून त्या तीन सीटवर एकापेक्षा जास्त तान्ही बाळं बसवत नाहीत. दोन बहिणी आपापली बाळं घेऊन शेजारी बसायला बघत असतील, तर ते जमत नाही ते यामुळे.

*तीन, विमानाचा तोल.* कोणत्या भागात किती प्रवासी आहेत, यावर उड्डाणाआधी वजनाचा हिशेब केलेला असतो. मोठ्या विमानात एका माणसाने जागा बदलली तर फरक पडत नाही. पण छोट्या शहरांना जोडणारी एटीआर ७२ विमानं लहान असतात. दोन-दोन सीटच्या रांगा आणि ७०-८० च्या घरात प्रवासी. ते अर्धं रिकामं असताना आठ-दहा जण आपापलं उठून पुढे जाऊन बसले, तर हिशेब बदलतो. रिकामी सीट दिसली तरी क्रू ‘टेकऑफनंतर बदला’ म्हणतो, ते उगीच नाही.

*चार, जेवण आणि मदत.* आधी बुक केलेलं जेवण सीट नंबर बघून दिलं जातं. व्हीलचेअर किंवा इतर मदत मागितली असेल, तर तीही त्या सीटवरच येते. तुमचं जैन जेवण दुसऱ्याला आणि त्याचं चिकन तुमच्यापुढे, असं नको असेल तर क्रूला सांगून ठेवा. चेक-इन केलेल्या सामानाचा मात्र सीटशी संबंध नसतो, ती काळजी करू नका.

हो म्हणण्याआधी चार प्रश्न

कुणी विचारलं की लगेच उठू नका आणि लगेच तोडूनही टाकू नका. आधी हे बघा.

१. मिळणारी सीट कितवी? हा प्रश्न आधी विचारायचा. खिडकीच्या बदल्यात खिडकी किंवा आईलच्या बदल्यात आईल असेल, तर तुमचं नुकसान नाही. शेवटच्या रांगेतल्या सीट अनेक विमानांत मागे झुकत नाहीत आणि टॉयलेट जवळ असतं. दिल्लीला पुढचं विमान पकडायचं असेल, तर मागून उतरायला लागणारी दहा-पंधरा मिनिटंही मोलाची असतात.

२. ही सीट मी का घेतली होती? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मधुमेहामुळे सारखं उठावं लागतं, मधल्या सीटवर जीव घाबरतो, अशी कारणं बाहेरून दिसत नाहीत. ती कुणाला सांगायची सक्तीही नाही. आणि ‘मला ढग बघायचेत’ हेसुद्धा पुरेसं कारण आहे.

३. शेजारी कोण असेल? एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी हा प्रश्न खास महत्त्वाचा. इंडिगोने २०२४ मध्ये महिला प्रवाशांसाठी एक सोय आणली. वेब चेक-इन करताना कोणत्या सीट महिलांनी घेतल्या आहेत, हे त्यांना दिसतं. त्यावरून विचार करून घेतलेली सीट सोडून दोन अनोळखी पुरुषांच्या मध्ये बसायची वेळ येत असेल, तर बिनधास्त नाही म्हणा.

४. समोरच्याची गरज किती मोठी आहे? चिमुकलं पोर, पहिल्यांदा विमानात बसलेल्या आणि घाबरलेल्या आजी, आजारी माणूस आणि त्याच्यासोबतचा नातेवाईक, इथे थोडी गैरसोय सोसली तर काही बिघडत नाही. दोन मित्रांना दीड तास गप्पा मारायच्यात म्हणून तुम्ही मधली सीट घेण्यात मात्र काही अर्थ नाही.

नाही म्हणायचं, पण कसं?

लांबलचक स्पष्टीकरण दिलं की समोरच्याला वाटतं, अजून थोडा आग्रह केला तर जमेल. म्हणून वाक्य छोटं, आवाज शांत आणि चेहऱ्यावर राग नको.

- ‘माफ करा काका, ही सीट मी मुद्दाम घेतलीये. मी इथेच बसतो.’
- ‘सॉरी ताई, मला नाही जमणार. क्रूला विचारा ना, ते बघतील काहीतरी.’
- ‘मावशी, तुमचीही सीट खिडकीची असेल तर बदलते. कितवी आहे?’
- समोरचा हिंदी बोलणारा असेल तर, ‘माफ कीजिए, मैं यहीं बैठूँगा. आप क्रू से पूछ लीजिए.’

पुन्हा विचारलं तर तेच वाक्य पुन्हा बोला, नवीन कारण देऊ नका. तिसऱ्यांदा विचारलं किंवा आवाज चढला, तर वरचं बटण दाबून क्रूला बोलवा. विमानातल्या गैरवर्तनासाठी डीजीसीएच्या २०१७ च्या नियमांत तीन पातळ्या केल्या आहेत. शिवीगाळ किंवा शाब्दिक त्रास दिला तर ३ महिन्यांपर्यंत, धक्काबुक्की केली तर ६ महिन्यांपर्यंत आणि जीव धोक्यात येईल असं वागलं तर किमान २ वर्षं प्रवासबंदी होऊ शकते. शांतपणे सीट नाकारणं यातल्या कुठल्याच पातळीत बसत नाही. त्यावरून आरडाओरडा करणं मात्र बसू शकतं.

तुमच्या सीटवर आधीच कुणी बसलं असेल तर?

हा प्रकार विचारण्यापेक्षा जास्त चिडवणारा. बोलताना सुरुवात आरोपाने करू नका. बऱ्याचदा माणसाने रांगेचा नंबर किंवा सीटचं अक्षर चुकून वाचलेलं असतं. बोर्डिंग पास हातात धरून म्हणा, ‘एकदा तुमचा नंबर बघता का? माझा १४ ए आहे.’ खरंच चूक असेल तर माणूस लगेच उठतो. ‘तुम्ही तिकडे बसा ना’ असं उत्तर आलं, तर तिथेच पॅसेजमध्ये वाद घालत रांग अडवू नका. क्रूला बोलवा. आणि मुख्य म्हणजे ‘तात्पुरतं’ म्हणून दुसरीकडे बसू नका. एकदा सगळे बसले आणि दार लागलं की मग उठवणं अवघड होतं.

तुम्हालाच सीट बदलून हवी असेल तर?

विमानात चढायच्या आधी तीन ठिकाणी प्रयत्न करता येतो.

*तिकीट काढताना:* सगळ्यांचं एकाच पीएनआरवर काढा. आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार असतील, तर निदान त्यांच्या दोन सीट निवडून पैसे भरा. विमानात दहा जणांना विनवण्या करण्यापेक्षा ते काही शे रुपये परवडतात.

*चेक-इनला:* अनेक कंपन्यांचं वेब चेक-इन उड्डाणाच्या ४८ तास आधी सुरू होतं. जितकं लवकर कराल, तितक्या शेजारच्या जागा शिल्लक असतात.

*काउंटरवर:* विमानतळावर चेक-इन काउंटरवर सांगा, तिथे नाही जमलं तर बोर्डिंग गेटवर. सीटचा नकाशा त्यांच्यासमोर असतो. कोण आलं नाही, कोणती सीट रिकामी आहे, हे त्यांना कळतं. शेजारच्या प्रवाशाला ते माहीत नसतं.

एवढं करूनही विमानात विचारायची वेळ आलीच, तर तुमच्याकडची चांगली सीट पुढे करा. मधली सीट देऊन खिडकी मागू नका. जोडप्यातल्या एकाची आईल आणि दुसऱ्याची खिडकीची असेल, तर आईल सीट घेऊन मधल्या सीटवाल्याकडे जा. तो बहुधा आनंदाने उठेल. माणूस बसायच्या आत विचारा आणि स्वतः त्याच्या सीटवर बसून मग विचारू नका. नाही म्हणाला तर ‘बरं, काही हरकत नाही’ म्हणून विषय संपवा.

आणि रेल्वेत?

मराठवाड्यातल्या बहुतेकांना हा प्रश्न विमानापेक्षा देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये जास्त पडतो. तिथली मागणी ठरलेली असते, लोअर बर्थ.

रेल्वे ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरील महिला आणि गरोदर महिलांसाठी काही लोअर बर्थ राखून ठेवते. स्लीपरच्या एका डब्यात ६ ते ७, थर्ड एसीत ४ ते ५ आणि सेकंड एसीत ३ ते ४. पण हा कोटा एकट्याने किंवा दोघांनी मिळून प्रवास करणाऱ्यांसाठी असतो. आजींचं तिकीट पाच जणांच्या ग्रुपमध्ये काढलं की त्यांना अप्पर बर्थ यायची शक्यता वाढते. म्हणून त्यांचं तिकीट वेगळं काढलेलं बरं. किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट बुक करा, असा पर्यायही आयआरसीटीसीवर असतो. गाडीत लोअर बर्थ रिकामा असेल, तर टीसी तो वर चढू न शकणाऱ्या ज्येष्ठ, दिव्यांग किंवा गरोदर प्रवाशाला देऊ शकतो. म्हणून इथेही आधी टीसीला विचारा.

झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. या वेळेत लोअर बर्थवाल्याला ‘जरा बसू द्या’ म्हणता येत नाही. आणि या वेळेबाहेर त्यानेही पाय पसरून दुसऱ्यांची बसायची जागा अडवायची नसते. आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना मात्र सांभाळून घ्यावं, असं रेल्वेच सांगते.

बर्थ बदललाच तर टीसीला सांगून ठेवा. नाहीतर मूळ बर्थवर माणूस नाही असं समजून तो आरएसीवाल्याला दिला जाऊ शकतो.

कुणी व्हिडिओ काढला तर?

डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या एका विमानात एका तरुणीने आपली खिडकीची सीट लहान मुलाला द्यायला नकार दिला. मूल रडत होतं, ती हेडफोन लावून डोळे मिटून बसली होती आणि एका सहप्रवासी बाईने तिला सुनावत तिचा व्हिडिओ काढला. व्हिडिओ जगभर फिरला. पण लाखो लोकांनी बाजू घेतली ती सीट न देणाऱ्या तरुणीची. तिने विनापरवानगी झालेल्या चित्रीकरणाविरुद्ध कायदेशीर पावलंही उचलली.

भारतात सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगड-मुंबई विमानात अभिनेत्री कंगना रनौतभोवती कॅमेऱ्यांची गर्दी झाली. त्यानंतर डीजीसीएने स्पष्टीकरण दिलं. प्रवासी विमानात फोटो आणि व्हिडिओ काढू शकतात. पण त्यामुळे गोंधळ होत असेल, सुरक्षेला बाधा येत असेल किंवा क्रूने मनाई केली असेल, तर नाही. म्हणून कुणी तुमच्यासमोर मोबाइल धरला, तर त्याच्याशी झटापट न करता क्रूला सांगा, ‘हे माझं शूटिंग करतायत, यांना थांबवा.’

तुम्ही व्हिडिओ बघणारे असाल, तर शेअर करण्याआधी एवढं लक्षात घ्या की तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये कुणाचा पीएनआर दिसत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन दिसत नाही आणि कंपनीने मुलाला कुठे बसवलं होतं तेही दिसत नाही.

आणि प्रकरण नजरांवर किंवा व्हिडिओवर थांबेलच असं नाही. जून २०२५ मध्ये नवी दिल्लीहून भोपाळकडे निघालेल्या वंदे भारत एक्सप्रेसमध्ये उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराच्या कुटुंबाच्या जागेवरून वाद झाला. झाशी स्थानकात काही जण डब्यात शिरले आणि त्यांनी त्या प्रवाशाला रक्त येईपर्यंत मारलं. त्याने सीट बदलायला नकार दिला म्हणून हे झालं, अशा बातम्या आल्या. प्रवाशानेच गैरवर्तन केल्याचा आरोप आमदारांच्या बाजूने झाला. व्हिडिओ व्हायरल झाल्यावर पक्षाने आमदारांना नोटीस दिली.

समोरचा ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही असं वाटलं, तर हक्क सिद्ध करत बसू नका. विमानात क्रूला बोलवा, रेल्वेत टीसीला गाठा किंवा १३९ वर फोन करा. विमान कंपनीने मुलाला पालकांपासून लांब बसवलं किंवा पैसे भरलेली सीट दिली नाही, तर बोर्डिंग पासचा फोटो आणि सीटच्या पैशांची पावती जपून ठेवा. आधी कंपनीकडे आणि तिथे दाद मिळाली नाही, तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.